विश्लेषण : तंत्रज्ञाच्या छातीवर बिल्ला, रुग्णाच्या नावे कोरा रकाना

चंदीगड : क्षयरोगाचे रुग्ण शोधून काढण्यासाठी केंद्र सरकारने आखलेल्या शंभर दिवसांच्या सघन मोहिमेचा प्रारंभ ७ डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्री जगत प्रकाश नड्डा यांच्या हस्ते पंचकुला येथे झाला. चंदीगडला खेटून असलेल्या या शहरातून सुरू झालेली मोहीम देशातील ३४७ जिल्ह्यांसाठी होती आणि तिच्यासोबत हातात धरून नेता येतील अशी क्ष-किरण यंत्रेही वस्त्यांपर्यंत गेली. मधुमेही, वयोवृद्ध, कुपोषित, पूर्वी क्षयरोग होऊन गेलेले आणि रुग्णांच्या घरातील माणसे यांची छाती खोकला वा ताप नसतानाही तपासण्याचे धोरण आता रूढ होत आहे. क्ष-किरण तपासणी आजाऱ्यापुरती मर्यादित न राहता निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या दाराशी आली, हा या मोहिमेने घडवलेला मोठा बदल होय.

या धोरणामागील कारण भक्कम आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणात, छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण हाती लागलेच नसते, असे आढळले. केवळ लक्षणे विचारून भागत नाही, हे त्या एका आकड्याने सिद्ध केले. त्यामुळे छातीचा एक्स-रे काढावा की काढू नये, हा येथे वादाचा विषय नाही. वादाचा, किंवा खरे तर दुर्लक्षाचा, विषय वेगळा आहे. एक्स-रे काढताना रुग्णाच्या शरीराने किती किरण घेतले, याची नोंद कोठे होते?

याचे उत्तर कोणत्याही क्ष-किरण विभागाच्या दारात उभे राहिले तरी दिसते. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्यातील तापदीप्त स्फटिकांच्या चकत्या त्याच्या वाट्याला आलेली किरणमात्रा साठवतात. ठरावीक काळाने, साधारणतः दर तीन महिन्यांनी, बिल्ला वाचनासाठी जातो आणि आकडा त्या व्यक्तीच्या नावे कायमचा नोंदला जातो. त्याच्यासाठी मर्यादाही ठरलेली आहे : सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक नाही. सर्वसामान्य नागरिकासाठी, म्हणजे जो रुग्णही नाही आणि कर्मचारीही नाही त्याच्यासाठी, ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. मात्र ज्याच्या अंगावर किरणांचा झोत थेट सोडला जातो, त्या रुग्णासाठी कोणतीही मर्यादा नाही आणि साध्या एक्स-रेच्या अहवालावर मात्रेचा आकडा सहसा नसतो.

रुग्णासाठी मर्यादा नसणे हे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. मोडलेल्या हाडाचे चित्र 'तुमचा या वर्षीचा कोटा संपला' म्हणून नाकारता येत नाही. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने म्हणूनच रुग्णांच्या बाबतीत मर्यादेऐवजी दोन कसोट्या सांगितल्या : तपासणी खरोखर आवश्यक असावी आणि ती आवश्यक तेवढ्याच मात्रेत व्हावी. परंतु दुसरी कसोटी लावायची तर मात्रा किती आहे हे आधी ठाऊक असावे लागते. ते न मोजता 'कमीत कमी मात्रा वापरली' असे म्हणणे म्हणजे तराजूशिवाय वजन सांगणे होय.

वास्तविक ही मात्रा काढणे अवघड नाही. प्रत्येक रुग्णाच्या त्वचेवर स्फटिक चिकटवून ती थेट मोजता येते. पण रोजच्या गर्दीत ते शक्य नसते. व्यवहारात वापरली जाते ती गणिताची पद्धत. यंत्राच्या नियमित गुणवत्ता तपासणीत किरणनलिकेचे उत्सर्जन मोजलेले असते, म्हणजे एक मीटर अंतरावर, ठरावीक किलोव्होल्टला, दर मिलिअँपिअर-सेकंदामागे किती मिलिग्रे मात्रा मिळते ते. तंत्रज्ञ प्रत्येक चित्रासाठी नियंत्रणफलकावर किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअर-सेकंद हे दोन आकडे निवडतोच. नलिकेपासून रुग्णाच्या त्वचेपर्यंतचे अंतर मोजता येते. उत्सर्जन किलोव्होल्टच्या सुमारे वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे दोन नियम लावले आणि शरीरातून उलट फिरणाऱ्या किरणांसाठी साधारण १.३ ते १.४ या गुणकाने गुणले, की त्वचेवर पडलेली मात्रा मिळते.

उदाहरणादाखल ८० किलोव्होल्टला एक मीटरवर दर मिलिअँपिअर-सेकंदामागे ०.०५ मिलिग्रे देणारे यंत्र घेऊ. छातीच्या चित्रासाठी ८० किलोव्होल्ट आणि ५ मिलिअँपिअर-सेकंद निवडले, तर एक मीटरवर ०.२५ मिलिग्रे होतात. नलिका १८० सेंटिमीटरवर आणि रुग्णाची पाठ नलिकेपासून १५५ सेंटिमीटरवर असेल, तर त्वचेपर्यंत पोहोचणारी मात्रा सुमारे ०.१० मिलिग्रे आणि १.३५ हा गुणक लावल्यावर सुमारे ०.१४ मिलिग्रे ठरते. शाळेतील गणिताच्या पलीकडे यात काही नाही. तंत्रज्ञाने घाईत ५ ऐवजी १० मिलिअँपिअर-सेकंद निवडले, तर ही मात्रा सरळ दुप्पट होईल.

हा आकडा बरा की वाईट, हे ठरवण्यासाठी तुलनेचे मोजमाप लागते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९६ च्या मूलभूत सुरक्षा मानकांत प्रौढांच्या नेहमीच्या तपासण्यांसाठी मार्गदर्शक पातळ्या दिल्या. छातीच्या पाठीकडून घेतलेल्या चित्रासाठी ती ०.४ मिलिग्रे, पोटाच्या व ओटीपोटाच्या चित्रासाठी १० मिलिग्रे आणि कंबरेच्या मणक्यांच्या बाजूने घेतलेल्या चित्रासाठी ३० मिलिग्रे अशी होती. या आकड्यांकडे क्षणभर थांबून पाहणे उपयुक्त ठरेल. छाती आणि कंबर या दोन्ही तपासण्यांना रुग्ण 'एक्स-रे' असेच म्हणतो, पावतीवरही तोच शब्द असतो. पण त्यांच्या मार्गदर्शक पातळ्यांत पंचाहत्तर पटींचे अंतर आहे. छातीत हवा असते, कंबरेत हाड आणि जाड स्नायू असतात, हे त्याचे साधे कारण. संपूर्ण शरीराच्या हिशेबाने पाहिले तर छातीचे एक चित्र सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या तीन दिवसांच्या प्रारणाइतके असते. कंबरेच्या मणक्यांची तपासणी मात्र सुमारे १.५ मिलिसिव्हर्टची, म्हणजे सात-साडेसात महिन्यांच्या नैसर्गिक प्रारणाइतकी भरते. पाठदुखीसाठी दर भेटीला नवे चित्र काढणाऱ्यांनी आणि काढवून घेणाऱ्यांनीही हे अंतर ध्यानात ठेवलेले बरे.

भारतात अशी मोजणी झालेलीच नाही, असे नाही. अणुऊर्जा नियामक मंडळातील ए. यू. सोनावणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ४५ रुग्णालयांतील १०१ क्ष-किरण यंत्रांवर १,२०९ मोजण्या करून छाती, मणके, पोट, ओटीपोट, खुबा आणि कवटी अशा नेहमीच्या तपासण्यांतील त्वचेवरील मात्रा काढल्या. 'रेडिएशन प्रोटेक्शन डोसिमेट्री' या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने भारतासाठी निदान संदर्भ पातळ्या सुचवल्या आणि त्या आंतरराष्ट्रीय, युरोपीय व अमेरिकी आकड्यांशी मिळत्याजुळत्या असल्याचे दाखवले. भारतीय रुग्णालये सरसकट बेफिकीर आहेत, या समजाला त्यामुळे छेद मिळाला.

तरीही या निष्कर्षाचा अर्थ बेताने लावला पाहिजे. संदर्भ पातळी म्हणजे सर्व केंद्रांच्या आकड्यांची चढती रांग लावली असता तीन चतुर्थांश केंद्रे जिच्याखाली येतात ती रेषा. उरलेली एक चतुर्थांश केंद्रे तिच्या वर असतातच. आपले केंद्र त्यांपैकी आहे काय, हे देशाच्या सरासरीवरून कळत नाही. ते कळण्यासाठी प्रत्येक केंद्राला स्वतःचा आकडा काढावा लागतो. शिवाय हा अभ्यास पडदा आणि फिल्म यांच्या जोडीने चित्र काढण्याच्या काळातील आहे. त्यानंतरच्या वर्षांत क्ष-किरण विभागांचे स्वरूपच पालटले.

हा पालट मात्रेच्या दृष्टीने दुधारी ठरला. फिल्मवर चूक लपत नसे. मात्रा जास्त झाली तर फिल्म काळी पडे आणि वरिष्ठांच्या नजरेस येई. कमी झाली तर पांढुरकी राही. फिल्म हीच तंत्रज्ञाची परीक्षक होती. डिजिटल चित्रात संगणक उजेड-अंधार आपोआप जुळवून देतो. मात्रा कमी पडली तर चित्र कणीदार दिसते आणि क्ष-किरणतज्ज्ञ तक्रार करतो. मात्रा दुप्पट, तिप्पट झाली तर चित्र उलट अधिक स्वच्छ दिसते आणि कोणीच तक्रार करत नाही. परिणामी निवडलेले आकडे वर्षागणिक नकळत वर सरकत जातात. जगभरच्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांनी ही प्रवृत्ती नोंदवल्यानंतर आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने २००८ मध्ये प्रत्येक डिजिटल चित्रासोबत एक प्रमाणित निर्देशांक देण्याचे मानक ठरवले. ग्राहक यंत्रणेवर किती किरण पोहोचले ते तो सांगतो. रुग्णाच्या त्वचेवरील मात्रा त्यावरून थेट मिळत नाही, पण निवड ठरावीक लक्ष्यापासून किती ढळली हे लगेच दिसते. पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडा असतोच. त्याकडे पाहण्याची सवय किती विभागांनी लावून घेतली आहे, हा प्रश्न मात्र उरतो.

आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे. अनेक ठिकाणी जुने क्ष-किरण यंत्र तसेच ठेवून केवळ फिल्मच्या जागी संगणकीय कॅसेट आणि तिचा वाचक बसवण्यात आला. अशा जोडणीत यंत्र आणि वाचक परस्परांशी बोलत नाहीत. संपूर्ण डिजिटल यंत्रात किलोव्होल्ट, मिलिअँपिअर-सेकंद हे आकडे चित्राच्या फाइलमध्ये आपोआप उतरतात. कॅसेटच्या पद्धतीत ते तंत्रज्ञाने हाताने लिहिले नाहीत तर चित्र निघताक्षणी हवेत विरून जातात. मात्रेचा हिशेब पुढे कधी करायचा म्हटले तरी आधार उरत नाही.

आकड्यांच्या या अभावाची किंमत काय असते, ते देशाने कोविडच्या दुसऱ्या लाटेत पाहिले. मे २०२१ च्या प्रारंभी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य लक्षणांतही सीटी स्कॅन करून घेण्याच्या लाटेविरुद्ध इशारा देताना, एक सीटी स्कॅन म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे, असे सांगितले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशनने, या विधानाला जाहीर हरकत घेतली. आधुनिक अल्पमात्रा सीटी स्कॅन पाच ते दहा एक्स-रेंच्या बरोबरीचे असते, असे तिचे म्हणणे होते. ३०० आणि ५ यांत साठ पटींचा फरक आहे. दोन्ही बाजू जाणकारांच्या होत्या. सामान्य वाचकाने विश्वास कोणावर ठेवावा?

गंमत अशी, की दोन्ही विधाने गणितात बसवता येतात. पारंपरिक पद्धतीने केलेल्या छातीच्या सीटीची मात्रा ७ मिलिसिव्हर्ट आणि छातीच्या एका एक्स-रेची ०.०२ मिलिसिव्हर्ट धरली, तर गुणोत्तर ३५० येते. अल्पमात्रा सीटी अर्ध्या ते एक मिलिसिव्हर्टचे आणि छातीची दोन चित्रांची तपासणी ०.१ मिलिसिव्हर्टची धरली, तर तेच गुणोत्तर ५ ते १० वर येते. म्हणजे वाद विज्ञानाचा कमी आणि 'कोणते यंत्र, कोणती पद्धत' याचा अधिक होता. त्या दिवसांत स्कॅन करून घेतलेल्या प्रत्येक रुग्णाच्या अहवालावर त्याची स्वतःची मात्रा ठळकपणे छापलेली असती आणि तिचा अर्थ सांगणारा कोणी असता, तर हा वाद दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रंगलाच नसता. सीटी यंत्र ही मात्रा स्वतःहून मोजून दाखवते. साध्या एक्स-रेच्या बाबतीत तेवढीही सोय अनेक ठिकाणी नाही.

नियमांची चौकट देशात आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ मध्ये झाली, त्याचे मुख्यालय मुंबईच्या अणुशक्तिनगरात आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली २००४ मध्ये प्रारण संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले आणि वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांसाठी मंडळाची स्वतंत्र सुरक्षा संहिताही आहे. यंत्राच्या प्रकाराला मंजुरी, केंद्राची नोंदणी किंवा परवाना, भिंतींची जाडी, कर्मचाऱ्यांचे बिल्ले, यंत्राची नियतकालिक गुणवत्ता तपासणी ही सर्व अंगे तीत येतात. कागदावर काही उणे नाही. अंमलबजावणीचा ताळेबंद मात्र नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये संसदेसमोर ठेवला तेव्हा खळबळ उडाली. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी जवळपास ९१ टक्के केंद्रे मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती. प्रत्येक राज्यात प्रारण सुरक्षा संचालनालय स्थापन करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले होते. त्यानंतर दहा वर्षांनीही तत्कालीन ३५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांपैकी केवळ केरळ आणि मिझोराम येथे ते अस्तित्वात आल्याचे अहवालात नमूद होते.

या अहवालानंतर मंडळाने 'ई-लोरा' ही ऑनलाइन परवाना प्रणाली आणली आणि नोंदणीचे काम वेगाने सुधारले, हे मान्य केले पाहिजे. परंतु नोंदणी यंत्राची होते. यंत्र सुरक्षित आहे, किलोव्होल्टचा आकडा खरा आहे, झोत नेमका पडतो आहे, एवढे गुणवत्ता तपासणी सांगते. त्याच निर्दोष यंत्रावर बसलेला माणूस रोज शंभर रुग्णांसाठी कोणते आकडे निवडतो, झोताची चौकट आवश्यक तेवढीच उघडतो की सवयीने पूर्ण, बिघडलेले चित्र किती वेळा पुन्हा काढतो, हे ती सांगत नाही. रुग्णाची मात्रा ठरते ती मुख्यतः याच गोष्टींवर.

अचूक मानले जाणारे यंत्रसुद्धा लक्ष ठेवले नाही तर काय करू शकते, याचा धडा अमेरिकेत मिळाला. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात मेंदूच्या सीटी तपासणीची एक चुकीची मांडणी सुमारे अठरा महिने तशीच चालू राहिली आणि २०६ रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट मात्रा मिळाली. २००९ मध्ये हा प्रकार उघड झाला तो काही रुग्णांचे केस गळू लागल्यामुळे. आकडा यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक वेळी उमटत होता. तो कोणी वाचला नव्हता. त्यानंतर कॅलिफोर्नियाने सीटीची मात्रा रुग्णाच्या अहवालात लिहिणे १ जुलै २०१२ पासून बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०१३ च्या निर्देशाद्वारे रुग्णाच्या किरणमात्रेची माहिती हा अहवालाचाच भाग ठरवला. ब्रिटनने तर त्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, रुग्णालयांची देशव्यापी मोजणी केली आणि एकाच तपासणीसाठी रुग्णालयारुग्णालयांत प्रचंड तफावत असल्याचे पाहून संदर्भ पातळ्या ठरवल्या. पुढे दर पाच वर्षांनी आढावा घेत राहिल्यावर २००० पर्यंत या पातळ्या सुमारे निम्म्यावर आल्या. यात यंत्रे आणि फिल्म सुधारल्याचा वाटा होता. पण आपला आकडा शेजारच्या रुग्णालयाच्या दुप्पट आहे, हे कळणे हेही अनेकांना पुरेसे ठरले.

चंदीगडचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. १९६२ मध्ये स्थापन झालेली आणि १९६७ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळालेली येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, सर्वतोमुखी 'पीजीआय', ही पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीरसाठी अखेरचा आधार मानली जाते. अशा संस्थेकडे येणारा रुग्ण थेट येत नाही. तालुक्याचे रुग्णालय, जिल्ह्याचे रुग्णालय, एखादे खासगी केंद्र असा प्रवास करत, काखोटीला फिल्मची पिशवी मारून तो पोहोचतो. पिशवीतील चित्र पुसट असेल, चुकीच्या कोनातून घेतलेले असेल किंवा वाटेत हरवले असेल, तर तपासणी नव्याने होते. त्या एका चित्रासाठी तीन वेळा किरण घेतले गेले, हे कोणत्याही एका रुग्णालयाच्या दप्तरात उमटत नाही.

याच पीजीआयने नेमका मार्गही दाखवला आहे. येथील बाल-क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. कुशलजित सिंग सोधी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सहा महिने, मुलांच्या सीटी तपासणीसाठी आलेली प्रत्येक मागणी तपासणीपूर्वी वाचून काढली. तपासणीची गरज आहे काय आणि असल्यास मागितलेला सर्व भाग तपासायला हवा काय, एवढेच दोन प्रश्न त्यांनी विचारले. १,३०२ मुलांपैकी १०५ मुले, म्हणजे सुमारे आठ टक्के, अनावश्यक किंवा जादा किरणांपासून वाचली. हा अभ्यास 'युरोपियन जर्नल ऑफ रेडिओलॉजी'त २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही, खर्चही नाही. लागला तो अर्ज वाचण्याचा वेळ. साध्या एक्स-रेच्या मागण्या याहून कितीतरी अधिक असतात आणि त्या इतक्या काळजीने वाचल्या जाण्याची शक्यता कितीतरी कमी. नोकरीपूर्व तपासणीत सवयीने मागितला जाणारा छातीचा एक्स-रे किंवा किरकोळ पडझडीनंतर 'खात्रीसाठी' काढलेली कवटीची चित्रे यांना हे दोन प्रश्न कोण विचारतो?

मुलांचा उल्लेख येथे निव्वळ भावनेपोटी नाही. त्यांच्या पेशी वेगाने विभागत असतात आणि पुढचे आयुष्य लांब असते, त्यामुळे त्याच मात्रेचा धोका मोठ्यांपेक्षा त्यांना अधिक. अतिदक्षता कक्षातील नवजात बाळाची छाती दर काही दिवसांनी फिरत्या यंत्राने टिपली जाते. प्रत्येक चित्राची मात्रा नगण्य असते, पण बेरीज कोणी मांडत नाही.

भीतीचा हिशेबही याच मापाने करायला हवा. कमी मात्रेलाही प्रमाणशीर धोका असतो, हे सावधगिरीचे गृहीतक धरले आणि आंतरराष्ट्रीय आयोगाचा गुणांक लावला, तर छातीच्या एका एक्स-रेमुळे कर्करोग होण्याची शक्यता दहा लाखांत सुमारे एक एवढी निघते. समोर क्षयरोगाचे न सापडलेले ४२ टक्के रुग्ण आहेत. पंचकुल्याच्या मोहिमेत यंत्रासमोर उभे राहण्यास कोणी 'किरणांनी अपाय होतो' म्हणून नकार दिला, तर त्याला हेच आकडे सांगायला हवेत आणि ते सांगता यावेत म्हणून ते हाताशी असायला हवेत. अंगावर शिशाचा पडदा घालण्याचा आग्रह हाही अशाच अपुऱ्या माहितीतून येतो. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्येच, जननेंद्रियांवर सरसकट असा पडदा ठेवणे थांबवावे, अशी भूमिका घेतली, कारण तो कधी हवे तेच झाकतो आणि चित्र पुन्हा काढावे लागते.

नोंद ठेवायची कोठे, या प्रश्नाचे उत्तरही चंदीगडमध्येच सापडू शकते. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहीम १५ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर झाली तेव्हा प्रायोगिक तत्त्वावर निवडलेल्या सहा केंद्रशासित प्रदेशांत चंदीगडचा समावेश होता. पुढे आयुष्मान भारत डिजिटल मोहिमेत रूपांतर झालेल्या या योजनेने नागरिकाला चौदा अंकी 'आभा' क्रमांक दिला, ज्याला त्याचे अहवाल जोडता येतात. त्या अहवालांत तपासणीचे नाव असते, निदान असते. मात्रेसाठी एक रकाना वाढवणे संगणकाच्या दृष्टीने क्षुल्लक काम आहे. रकाना भरायला मात्र माणूस लागतो.

खरी अडचण येथेच आहे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात एकामागून एक रुग्ण उभा करणाऱ्या तंत्रज्ञाकडून प्रत्येकाचे अंतर मोजून गणित मांडण्याची अपेक्षा करणे व्यवहार्य नाही आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ हे पद मुख्यतः कर्करोगाच्या किरणोपचार विभागांपुरतेच राहिले आहे. साध्या क्ष-किरण विभागात तो अभावानेच दिसतो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१७ मध्ये सुचवलेली वाट अधिक जवळची वाटते : प्रत्येक प्रौढाची नव्हे, तर एका तपासणीसाठी किमान वीस रुग्णांची मात्रा काढायची, त्यांचा मध्यक घ्यायचा आणि तो संदर्भ पातळीशी ताडून पाहायचा. छाती, पोट, ओटीपोट, कंबर आणि कवटी अशा पाच तपासण्यांसाठी एका यंत्रामागे शंभर नोंदी पुरतील. उत्सर्जनाचा आकडा गुणवत्ता तपासणीच्या अहवालात कपाटात पडलेला असतो. वजनाची नोंद मात्र घ्यावी लागेल, कारण ७० किलोचा 'प्रमाण रुग्ण' युरोपच्या अंगचणीवर बेतलेला आहे आणि क्षयरोगाच्या रांगेत उभा असलेला माणूस बहुधा त्याहून बराच हलका असतो. त्याच्या छातीला पुरेशी असलेली मात्रा त्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा कमीच निघायला हवी.